संघ कोणी बांधला, कितीला बांधला: एनएफएलच्या जनरल मॅनेजरचा हिशेब कसा तपासायचा

24 एप्रिल 2020 च्या रात्री एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सने ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने घ्यायच्या वार्षिक निवडीच्या, दुसऱ्या फेरीत, 53 व्या क्रमांकावर, जेलन हर्ट्स नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू, घेतला. वर्षही उलटलं नव्हतं, जून 2019 मध्ये त्यांनी कार्सन वेंट्झ या क्वार्टरबॅकला चार वर्षांचा 12 कोटी 80 लाख डॉलरचा वाढीव करार दिला होता. मी तेव्हा फिलाडेल्फियाजवळच्या एका उपनगरात राहत होतो. आमच्या मराठी मित्रांच्या गटावर त्या रात्री जे लिहिलं गेलं ते छापण्याजोगं नाही. घरात नवाकोरा फ्रिज असताना दुसरा फ्रिज कशाला, असा एकंदर सूर. त्यात माझाही आवाज होता.

फेब्रुवारी 2025 मध्ये हर्ट्स सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) ठरला. त्याच सामन्यात वेंट्झ समोरच्या कॅन्सस सिटी चीफ्सच्या बाजूला राखीव म्हणून उभा होता. आता ईगल्सचा जनरल मॅनेजर (जीएम), म्हणजे खेळाडू निवडून संघ बांधणारा, हाउई रोझमन किती दूरदृष्टीचा, असं तेच मित्र सांगतात. मला ते पटत नाही. हर्ट्स चांगला निघाला म्हणून निर्णय चांगला, तर मग हर्ट्स फसला असता तर तोच निर्णय वाईट ठरला असता का? निर्णय तर एकच होता, त्याच रात्रीचा. त्या रात्रीनंतर मी एक वही ठेवू लागलो. जीएमचं काम तपासायची माझी सगळी पद्धत त्या वहीभोवतीच आहे, म्हणून ती जशी बनत गेली तशीच सांगतो. उदाहरणं बहुतेक रोझमनचीच येतील, कारण त्याचा हिशेब मी सर्वांत जवळून पाहिलाय.

आधी सही कोणाची ते बघा

जीएम हे पद सगळीकडे सारखं नसतं. कुठे शेवटचा शब्द प्रशिक्षकाचा असतो, कुठे मालकाचा. रोझमन 2010 मध्ये ईगल्सचा जीएम झाला असं कागद सांगतो, पण सुरुवातीची तीन वर्षं खेळाडूंबाबतचा अंतिम अधिकार मुख्य प्रशिक्षक अँडी रीडकडे होता. 2011 मध्ये पहिल्या फेरीत घेतलेला, तेव्हाच 26 वर्षांचा असलेला डॅनी वॉटकिन्स साफ फसला. तो रोझमनच्या खात्यावर टाकताना हात आखडता घ्यायला हवा. 2015 मध्ये तर मालक जेफ्री ल्युरी यांनी सगळे अधिकार प्रशिक्षक चिप केलीला दिले आणि रोझमनला बाजूला बसवलं. चेंडू घेऊन पळणारा धावपटू डीमार्को मरे याचा पाच वर्षांचा करार, बायरन मॅक्सवेलचा सहा वर्षांचा करार, लेशॉन मॅकॉयच्या बदल्यात कीको अलॉन्सो ही सगळी केलीची खरेदी. केली त्याच डिसेंबरात गेला आणि रोझमन परत आला.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर संघाचं नाव लिहू नका. तारखा लिहा: या दिवसापासून या दिवसापर्यंत सही याची. एवढं न केल्यामुळे बऱ्याच चर्चा पहिल्याच मिनिटाला वाकड्या वाटेने जातात.

त्याच दिवशी नोंद

प्रत्येक मोठ्या निर्णयाची नोंद चोवीस तासांत करायची. मार्चमध्ये करार संपलेले मोकळे खेळाडू घेतले जातात, एप्रिलमध्ये ड्राफ्ट, ऑगस्टअखेर 53 जणांची यादी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला अदलाबदलीची मुदत संपते. एवढ्या चार वेळा वही उघडली तरी पुरे. मी प्रत्येक नोंदीला चार रकाने पाडतो: काय दिलं, काय घेतलं, त्या दिवशी काय माहीत होतं, आणि मला पटलं की नाही. पाचवा रकाना कोरा ठेवायचा. तो निदान दोन हंगामांनी भरायचा, आणि तो भरताना आधीच्या चारांतलं एक अक्षरही खोडायचं नाही.

हर्ट्सची नोंद मी मागाहून, पण प्रामाणिकपणे, त्या रात्रीच्या माहितीवर पुन्हा मांडून पाहिली. काय दिलं? एक दुसऱ्या फेरीचं पिक (ड्राफ्टमधला निवडीचा हक्क) आणि चार वर्षांचे मिळून सुमारे 60 लाख डॉलर. काय माहीत होतं? वेंट्झचा गुडघा डिसेंबर 2017 मध्ये गेला, 2018 चा शेवट पाठीने खाल्ला आणि जानेवारी 2020 च्या प्लेऑफ सामन्यात तो डोक्याला मार लागून बाहेर गेला. म्हणजे लागोपाठ तीन हंगामांच्या शेवटी पहिला क्वार्टरबॅक मैदानावर नाही. 2017 च्या हंगामाचा सुपर बोल ईगल्स जिंकले तोच मुळी राखीव क्वार्टरबॅक निक फोल्सच्या जिवावर, न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध 41-33. असल्या संघाने सर्वांत महत्त्वाच्या जागेचा विमा काढला तर त्यात आश्चर्य कसलं? फ्रिजची उपमाच चुकली होती. गावात रोज वीज जाते आणि कोणी इन्व्हर्टर आणला म्हणून आम्ही हसत होतो.

वेंट्झ यामुळे बिथरेल ही शंका मात्र तेव्हाही रास्त होती आणि ती माझ्या रकान्यात आहे. त्या हंगामात त्याने 12 सामन्यांत 15 इंटरसेप्शन दिले, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात फेकला, आणि डिसेंबरात त्याला बसवलं गेलं. पण नोंदी मागे चाळल्या की लक्षात येतं, खरी घाई एप्रिल 2020 ची नव्हतीच. ती जून 2019 ची होती. वेंट्झच्या जुन्या करारात दोन हंगाम शिल्लक असताना, दोनदा जखमी झालेल्या खेळाडूला, थांबायची सोय असूनही, एवढी मोठी रक्कम बांधून दिली गेली.

कॅप: लोक इथेच कंटाळतात, आणि इथेच जीएम कळतो

आयपीएलच्या 2025 च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाकडे 120 कोटी रुपये होते. पर्समधून गेले ते गेले. एनएफएलची कॅप, म्हणजे पगाराची कमाल मर्यादा, तशी सरळ नाही. ती 1994 पासून आहे आणि 2024 मध्ये प्रत्येक संघासाठी 25 कोटी 54 लाख डॉलर होती, 2025 मध्ये 27 कोटी 92 लाख. गंमत अशी की रोख पैसा आज द्यायचा आणि हिशेबात मात्र पुढच्या वर्षांवर टाकायचा, ही मुभा नियमातच आहे.

समजा खेळाडूला पाच वर्षांच्या कराराबरोबर अडीच कोटी डॉलर साइनिंग बोनस दिला. पैसे लगेच त्याच्या खात्यात गेले. कॅपवर मात्र दरवर्षी 50 लाखांचा हप्ता पडतो. पाच वर्षांहून जास्त हप्ते पाडता येत नाहीत. आता दोन हंगामांनी त्याला काढलं, तर उरलेले तीन हप्ते, दीड कोटी, एकदम अंगावर येतात. खेळाडू गेला, त्याची जागा भरायची आहे आणि वर हे दीड कोटी. यालाच डेड मनी म्हणतात. एक जूननंतर काढलं तर तो बोजा दोन वर्षांत वाटता येतो, पण टळत नाही. त्यापुढची करामत म्हणजे व्हॉइड वर्षं: करार खरा दोन वर्षांचा, पण कागदावर आणखी तीन वर्षं जोडायची, जी आपोआप रद्द होणार. हप्ते पाडायला जागा मिळावी एवढाच त्यांचा उपयोग. रोझमन हे सर्रास करतो.

याला उधळपट्टी म्हणायची घाई करू नका. कॅप दरवर्षी वाढत असेल तर उद्याचा हप्ता आजच्यापेक्षा हलका. पगार वाढतोय हे माहीत असलेल्या माणसाने गृहकर्ज घेतल्यासारखं आहे. धोका कधी? पगार अचानक कापला गेला तर. 2020 मध्ये कॅप 19 कोटी 82 लाख होती. कोविडमध्ये स्टेडियमं रिकामी राहिली आणि 2021 मध्ये ती 18 कोटी 25 लाखांवर आली. नेमक्या त्याच वर्षी वेंट्झला इंडियानापोलिस कोल्ट्सकडे पाठवल्यामुळे ईगल्सच्या डोक्यावर 3 कोटी 38 लाखांचा डेड मनी बसला, तोवरचा विक्रमी. कॅपचा साडेअठरा टक्के भाग अशा माणसावर, जो दुसऱ्याच्या जर्सीत खेळतोय.

म्हणून वहीत डॉलर लिहिलेत तरी शेजारी टक्के लिहाच. आणि बातमीत छापून येणाऱ्या एकूण आकड्याला फार किंमत देऊ नका. तो लग्नपत्रिकेवरच्या पदव्यांसारखा असतो, खोटा नसतो, पण संसार त्यावर चालत नाही. बघायचं ते हे: सही करतेवेळी हमी किती रकमेची, आणि कोणत्या वर्षी फारसं नुकसान न होता बाहेर पडता येतं. ओव्हर द कॅप आणि स्पॉट्रॅक या दोन साइट्सवर प्रत्येक कराराची वर्षवार फोड मिळते.

ड्राफ्टमध्ये खेळाडू नंतर बघा, भाव आधी

हर्ट्सच्या आदल्या दिवशीची निवड रोझमनला अजून चिकटलेली आहे. पहिल्या फेरीत 21 व्या क्रमांकावर त्याने रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) जेलन रेगर घेतला. 22 व्यावर मिनेसोटा व्हायकिंग्सने रिसीव्हरच घेतला, जस्टिन जेफरसन. जेफरसनने पहिल्याच हंगामात 1,400 यार्ड काढले आणि 2022 मध्ये 1,809. रेगरला 2022 च्या ऑगस्टमध्ये ईगल्सने देऊन टाकलं, तेही व्हायकिंग्सनाच. नाटकात असं दाखवलं तर प्रेक्षक म्हणतील, लेखकाने अति केलं.

ही चूक होतीच, पण किती मोठी? अभ्यासक केड मॅसी आणि पुढे 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसलं की एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी घेतलेला सरस ठरण्याचं प्रमाण जेमतेम 52 टक्के आहे. म्हणजे छापा-काट्याहून किंचित बरं. एखाद्या जीएमला एका रेगरवरून मूर्ख ठरवायचं तर उरलेल्या 31 जणांनाही तोच न्याय लावावा लागेल. मला रेगरपेक्षा त्यामागचा विचार खटकतो. 2019 मध्ये ईगल्सचे रिसीव्हर एकामागून एक जखमी झाले आणि हल्ल्यात वेगच उरला नाही. पुढच्या ड्राफ्टमध्ये त्यांनी वेगवान रिसीव्हरांची रांग लावली. गेल्या वर्षीचं भोक बुजवायला या वर्षीचं पिक वापरलं. हा दोष एका खेळाडूचा नाही, म्हणून तो नोंदवण्याजोगा.

उलट बाजूने, शेवटच्या फेरीत हिरा सापडला की लोक जीएमचे पाय धरतात. सॅन फ्रान्सिस्को 49अर्सना ब्रॉक पर्डी 2022 च्या ड्राफ्टमधल्या सर्वांत शेवटच्या, 262 व्या क्रमांकावर मिळाला. तो असा खेळेल हे त्यांना माहीत असतं तर ते 262 पर्यंत थांबले असते का? त्याच संघाने वर्षभर आधी ट्रे लान्ससाठी 12 व्या क्रमांकावरून तिसऱ्यावर जायला आणखी दोन पहिल्या फेरीची आणि एक तिसऱ्या फेरीचं पिक मोजलं होतं. लान्सने त्यांच्यासाठी चार सामन्यांत सुरुवात केली आणि 2023 मध्ये तो चौथ्या फेरीच्या पिकच्या बदल्यात डॅलसला गेला. पर्डीत नशीब मोठं होतं. लान्ससाठी मोजलेला भाव मात्र पूर्णपणे त्यांच्या हातात होता, आणि तोच तपासायचा.

भाव तपासायला जुना पण हाताशी ठेवण्याजोगा तक्ता आहे, डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाचा, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचा. पहिल्या पिकला 3,000 गुण, सहाव्याला 1,600, बाराव्याला 1,200, आणि असा तो उतरत जातो. एक गणित करून बघू. 2021 मध्ये रोझमनने सहावं पिक मायामीला देऊन बारावं आणि 2022 चं पहिल्या फेरीचं पिक घेतलं, बाकी उशिराच्या पिक्सची किरकोळ अदलाबदल. 400 गुण दिले. पुढच्या वर्षीचं पिक एक फेरी खाली धरायचा रिवाज आहे, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या मध्याचा भाव, तोही चारशेच्या आसपासच. जुन्या तक्त्यावर सौदा बरोबरीचा. पण मॅसी-थेलर यांच्या हिशेबात वरच्या पिक्सना बाजार वाजवीपेक्षा जास्त भाव देतो, आणि स्वस्त करारातला फायदा पहिल्या फेरीच्या शेवटाकडे नि दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला अधिक असतो. त्या काट्यावर ईगल्स स्पष्ट फायद्यात. मग ड्राफ्टच्या दिवशी त्याने तिसऱ्या फेरीचं पिक देऊन बाराव्यावरून दहाव्यावर उडी मारली आणि डेव्होंटा स्मिथ घेतला. या वेळी तक्त्यापेक्षा थोडे जास्त गुण गेले, पण मध्ये 11 व्या क्रमांकावर न्यूयॉर्क जायंट्स बसले होते, आणि हवा तो माणूस तिथेच गेला असता. थोडक्यात, भाव पाडून घेतलेले पैसे हव्या त्या वस्तूवर जरा जास्त मोजून खर्च केले. मंडईत जाणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

सौद्याची साखळी कुठवर ओढायची

वेंट्झ गेला तेव्हा बदल्यात तिसऱ्या फेरीचं पिक आणि 2022 चं दुसऱ्या फेरीचं मिळालं, तो ठरावीक प्रमाणात खेळला तर ते पहिल्या फेरीचं होईल अशी अट. तो खेळला. ते 16 वं पिक झालं. रोझमनने ते आणि 19 वं न्यू ऑर्लीन्स सेंट्सकडे पाठवून 18 वं, 101 वं, 2023 चं पहिल्या फेरीचं, 2024 चं दुसऱ्या फेरीचं अशी पिकं घेतली. 18 वं आणि 101 वं देऊन टेनेसीकडून रिसीव्हर ए. जे. ब्राउन आणला. सेंट्सचं 2023 चं पिक दहावं निघालं. त्यावरून एक घर पुढे जाऊन बचाव फळीतला जेलन कार्टर घेतला.

मग वेंट्झच्या बदल्यात ब्राउन आणि कार्टर मिळाले म्हणायचं? फिलाडेल्फियात टॅक्सीवालाही तसं म्हणेल. मी म्हणत नाही. 19 वं पिक ईगल्सचं स्वतःचं होतं, सेंट्स 2022 मध्ये घसरतील हे कोणी लिहून दिलं नव्हतं, आणि ब्राउनला त्याच दिवशी चार वर्षांचे 10 कोटी डॉलर द्यावे लागले, तेही किंमतच. प्रत्येक सौदा त्याच्या तारखेला बंद करावा. पुढच्या सौद्याची नोंद नव्या पानावर. साखळी मनोरंजक असते, पण ती पुरेशी लांब ओढली की कोणताही मूर्खपणा शहाणपणाला जाऊन मिळतो.

समोरच्याची गरज मात्र प्रत्येक पानावर लिहा. 2016 मध्ये हंगामाच्या तोंडावर व्हायकिंग्सच्या टेडी ब्रिजवॉटरचा गुडघा सरावात निकामी झाला, आणि काही दिवसांतच रोझमनने त्यांना सॅम ब्रॅडफर्ड विकला, पहिल्या फेरीचं पिक आणि वर आणखी एक घेऊन. दुकान फक्त त्याचंच उघडं होतं. त्या पिकवर आलेल्या डेरेक बार्नेटने दीड वर्षाने सुपर बोलमध्ये टॉम ब्रेडीच्या हातून निसटलेला चेंडू उचलला. हे लिहू नये असं मीच आत्ता सांगितलं, पण राहवलं नाही.

शेजारी कोण उभं आहे

मार्च 2024 मध्ये एकाच आठवड्याच्या धामधुमीत तीन करार झाले. ब्राइस हफ, तीन वर्षं, सुमारे 5 कोटी 11 लाख डॉलर. धावपटू सेक्वॉन बार्कली, तीन वर्षं, 3 कोटी 77 लाख 50 हजार. झॅक बॉन, एक वर्ष, 35 लाख. माझ्या वहीत हफसमोर ‘पटलं’ आहे: वय 25, आदल्या वर्षी न्यूयॉर्क जेट्ससाठी 10 सॅक, म्हणजे दहादा समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडलं. बार्कलीसमोर ‘नाही पटलं’: वय 27, जायंट्ससाठी आदल्या हंगामात दर धावेला 3.9 यार्ड, आणि या वयाच्या धावपटूवर पैसा घालू नये हा सर्वमान्य धडा. बॉनची नोंदच केली नव्हती.

बार्कलीने त्या हंगामात 2,005 यार्ड काढले. बॉन ऑल-प्रो, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तमांच्या, संघात गेला. हफला अडीच सॅक मिळाले, मध्ये मनगटाची शस्त्रक्रिया झाली, आणि चीफ्सना 40-22 ने हरवलेल्या सुपर बोलमध्ये तो खेळणाऱ्यांच्या यादीतही नव्हता.

मी कुठे चुकलो ते शोधताना ही पायरी सापडली. बार्कलीचे यार्ड बघितले, त्याला वाट करून देणारी त्याच्यापुढची फळी बघितली नाही. जॉर्डन मैलाटा, ऑस्ट्रेलियातला रग्बीपटू, 2018 मध्ये 233 वा. लँडन डिकरसन, 2021 मध्ये 37 वा. कॅम जर्गन्स, 2022 मध्ये 51 वा. लेन जॉन्सन, 2013 मध्ये चौथा. आणि जेट्सने सोडलेला मेकाय बेक्टन, एका वर्षाच्या करारावर, फळीच्या टोकाच्या टॅकलचा आतला गार्ड केलेला. अकरा वर्षांत जमवलेली ही भिंत आणि तिला शिकवणारा जेफ स्टाउटलंड आधीपासून तिथे होता. कॅपच्या पाच टक्क्यांहूनही कमी वार्षिक सरासरीत तिच्यामागे बार्कली उभा करणं वेगळं, आणि जायंट्सनी त्याला ठेवणं वेगळं. हफच्या बाबतीत उलट झालं. जेट्समध्ये तो निम्म्याहून कमी डावांत, फक्त क्वार्टरबॅकवर धावून जायला उतरायचा. पूर्णवेळ कामासाठी त्याला घेताना हे दिसत होतं. मी सॅक मोजले, डाव मोजले नाहीत.

बॉनचं श्रेय वाटून द्यावं लागेल. सेंट्समध्ये तो मुख्यतः स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे किक मारायच्या डावांतल्या तुकड्यांत, असायचा. बचावाचा सूत्रधार व्हिक फँजिओने त्याला मधल्या लाइनबॅकरच्या, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागच्या, जागी आणलं. जीएमने 35 लाखांत लॉटरीचं तिकीट घेतलं, नंबर प्रशिक्षकाने लावला.

चुकल्यावर किती दिवस हट्ट धरतो

मला या एका निकषावर रोझमन इतर अनेकांपेक्षा उजवा वाटतो. रेगर चालत नाही हे एका हंगामात दिसलं. पुढच्या दोन वसंतांत स्मिथ आणि ब्राउन आणून ती जागाच भरून टाकली. पहिल्या फेरीचा मान राखायला रेगरला खेळवत बसला नाही. हफला 5 कोटी कबूल करून सव्वा वर्षात 49अर्सकडे वाटेला लावलं. 2016 मध्ये परतल्यावर पहिलं काम केलं ते केलीचे करार विकायचं: मॅक्सवेल, अलॉन्सो आणि 13 वं पिक मायामीला, बदल्यात आठवं. वहीत ‘चूक कळली’ आणि ‘चूक सोडली’ या दोन तारखांमधलं अंतर मोजा. वर्षानुवर्षं तेच अंतर लांब दिसत असेल, तर तो जीएम स्वतःच्या निवडीचा वकील झालेला असतो.

मार्च 2025 ची पानं अजून उघडी आहेत. बॉनला नवा करार मिळाला: तीन वर्षं, 5 कोटी 10 लाख. वर्षापूर्वी हफला कबूल केली होती जवळपास तेवढीच रक्कम. मी लिहिलंय, ‘पटलं, पण फँजिओ आहे तोवर.’ बार्कलीला, तेव्हा 28 वर्षांच्या, आणखी दोन वर्षांचे 4 कोटी 12 लाख. त्याच्यासमोर ‘नाही पटलं’ लिहिलंय. मागच्या वेळीही हेच लिहिलं होतं.